जीपीएसची चूक आणि तंजावरचे आकाश

नकाशावाचनात आपण तीन खुणा निवडतो. एक टेकडी, एक देऊळ, एक पाण्याची टाकी. प्रिझमॅटिक कंपासने तिन्हींचे बेअरिंग घ्यायचे, उलट बेअरिंग काढायचे, नकाशावर रेषा ओढायच्या आणि त्या जिथे मिळतील तिथे आपण उभे आहोत असे समजायचे. प्रत्यक्षात तिन्ही रेषा एका बिंदूत क्वचितच मिळतात. मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो. आमचे एनसीसीचे उस्ताद तो त्रिकोण पाहूनच गुण देतात. त्रिकोण लहान, तर गुण जास्त.

जीपीएसमध्येही असा त्रिकोण उरतो. तो लहान करण्यासाठी अभियंते रात्रंदिवस खटपट करतात. पण काही शास्त्रज्ञांना जागा शोधायचीच नसते. त्यांचा रिसीव्हर सिमेंटच्या खांबावर पक्का बसवलेला असतो आणि तो कुठे आहे हे त्यांना मिलिमीटरपर्यंत ठाऊक असते. त्यांना हवी असते ती फक्त उरलेली चूक. ती चूक बरीचशी हवेने केलेली असते, म्हणून तिच्यावरून हवा मोजता येते. हा लेख त्या चुकीबद्दल आहे.

तो तंजावरच्या निमित्ताने लिहितो आहे. माझे बाबा हवाई दलात आहेत आणि सध्या त्यांची बदली तंजावरला झाली आहे, त्यामुळे दिवाळीची सुट्टी मी तिथे काढली. तळाबद्दल मी काही लिहिणार नाही. बाबांनी मला काही सांगितलेलेही नाही. पण तंजावरचे आकाश कोणाचे गुपित नाही. उपग्रहाच्या सिग्नलला या आकाशात जेवढा त्रास होतो तेवढा देशात थोड्याच ठिकाणी होत असेल.

आधी थोडी उजळणी. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह ‘आत्ता अमुक वाजले आहेत’ एवढेच सतत सांगत असतो. रिसीव्हर तो निरोप किती उशिरा पोचला ते पाहतो, उशिराला प्रकाशाच्या वेगाने गुणतो आणि अंतर काढतो. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की तीन दिशांतली जागा आणि स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चारही अज्ञात गोष्टी सुटतात. हिशोब साधा आहे, पण वेळ फार बारीक मोजावी लागते. एका नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाची चूक झाली की अंतर ३० सेंटिमीटरने चुकते.

या हिशोबात एक गृहीत धरलेले असते: सिग्नल सगळा रस्ता निर्वात पोकळीतून, सरळ रेषेत आणि प्रकाशाच्या पूर्ण वेगाने आला. रस्त्याच्या बऱ्याच भागाला ते लागू पडते. शेवटचे काही शेकडो किलोमीटर मात्र त्याला आयनांबरातून आणि सर्वांत शेवटी आपल्या रोजच्या हवेतून, म्हणजे तपांबरातून यावे लागते. दोन्ही थर त्याला अडवतात, पण वेगवेगळ्या रीतीने.

हवा मोजणीत खोडा घालते ही तक्रार उपग्रहांहून बरीच जुनी आहे, आणि तिच्यातला एक मोठा किस्सा तंजावरातच घडला. विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. पद्धत आपल्या नकाशावाचनाचीच, फक्त त्रिकोण कित्येक किलोमीटरचे. त्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवलेला, सुमारे अर्ध्या टनाचा प्रचंड थिओडोलाइट मागवला होता. तो आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले, पण तिथल्या गव्हर्नरने उपकरण ओळखून ते मोठ्या मनाने मद्रासला पाठवून दिले. शत्रूने एवढा मान ठेवलेली वस्तू तंजावरात मात्र आपटली. कावेरीचा त्रिभुज प्रदेश अगदी सपाट आहे. टेकडी नाही, जिकडे तिकडे माडांची झाडे. म्हणून लॅम्ब्टन देवळांच्या शिखरांवरून निरीक्षणे घेत असे. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि उपकरण भिंतीवर आदळले. त्याचे मोठे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टनने सुमारे सहा आठवडे स्वतःला कोंडून घेऊन पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते केसाकेसाने मूळ आकारात आणले आणि पुढे तोच थिओडोलाइट वापरला.

मी ते मंदिर पाहायला गेलो तेव्हा मान वर करून दोर कुठून टाकला असेल याचाच विचार करत होतो. दोनशे फुटांहून उंच विमान आहे ते. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केले. मंदिराच्या भिंतीवर आपल्या वाचकांना आवडेल अशी दुसरीही एक गोष्ट आहे: भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख. तो १८०३ मध्ये सरफोजी राजांनी कोरवून घेतला. म्हणजे लॅम्ब्टनचा थिओडोलाइट आदळला तेव्हा शिलालेख जेमतेम पाच वर्षांचा होता आणि गादीवर सरफोजी राजेच होते.

वाकलेले पितळ लॅम्ब्टनने सरळ केले. वाकलेला प्रकाश सरळ करणे मात्र त्याच्या हातात नव्हते. जमिनीजवळची हवा दाट आणि वरची विरळ असल्यामुळे दूरच्या खुणेकडून येणारा प्रकाशकिरण किंचित वाकून येतो, आणि खूण असते त्याहून वर दिसते. हे अपवर्तन सकाळी वेगळे, दुपारी वेगळे, रात्री आणखी वेगळे. मोजणीदार त्याचा अंदाज करून कोनातून वजा करत. म्हणजे हवेची स्थिती त्या कोनात दडलेली होती आणि ती दर वेळी कचऱ्यासारखी बाजूला काढली जात होती. लॅम्ब्टनचे निधन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाले. त्याची कबरही तिथेच आहे. आमच्या हाउसमध्ये हिंगणघाटचा एक मुलगा आहे. त्याने ती पाहिली होती, पण ती कोणाची हे त्याला माहीत नव्हते. आता तो सगळ्यांना सांगत सुटला आहे.

आता उपग्रहाकडे येऊ. वरून येताना सिग्नलला आधी भेटते ते आयनांबर. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे तिथल्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून जाताना सिग्नल मंदावतो. किती मंदावतो याचे सूत्र दहावीच्या गणितात बसण्याएवढे सोपे आहे:

उशीर (मीटरमध्ये) = ४०.३ × इलेक्ट्रॉनांची संख्या ÷ वारंवारतेचा वर्ग

इथे इलेक्ट्रॉनांची संख्या म्हणजे, उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंत एक चौरस मीटर तोंडाची नळी कल्पिली तर तिच्यात जेवढे सुटे इलेक्ट्रॉन सापडतील तेवढे. हा आकडा अफाट असल्यामुळे १ वर १६ शून्ये एवढ्या इलेक्ट्रॉनांना एक एकक मानतात. त्याला टेक युनिट म्हणतात.

सूत्रातला महत्त्वाचा शब्द ‘वारंवारतेचा वर्ग’ हा आहे. दोन वेगळ्या वारंवारतांचे सिग्नल एकाच उपग्रहावरून एकाच क्षणी निघाले, तर कमी वारंवारतेचा जास्त उशिरा पोचेल. आपल्या भारतीय ‘नाविक’ प्रणालीचे पहिले उपग्रह असे दोन सिग्नल पाठवतात: एल-५ पट्ट्यात ११७६.४५ मेगाहर्ट्झ आणि एस पट्ट्यात २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. सूत्रात आकडे घालून पाहा. एका टेक युनिटमागे एल-५ चे अंतर सुमारे २९ सेंटिमीटरने जास्त भरते आणि एस चे सुमारे साडेसहा सेंटिमीटरने. फरक साधारण २२.६ सेंटिमीटर.

समजा, दुपारी दोन वाजता रिसीव्हरने एकाच उपग्रहाची दोन अंतरे काढली आणि एल-५ चे अंतर एस पेक्षा ९ मीटरने जास्त आले. ९०० भागिले २२.६, म्हणजे जवळपास ४० टेक युनिट. आपल्या डोक्यावरच्या आयनांबराचे वजन झाले! आणि एल-५ एकट्यावर विसंबणाऱ्याचे अंतर ४० गुणिले २९ सेंटिमीटर, म्हणजे ११ मीटरांहून जास्त चुकले असते तेही कळले. मला यातले सर्वांत आवडते ते असे की खरे अंतर माहीत असण्याची गरजच पडत नाही. उपग्रहाच्या घड्याळाची चूक, आपल्या घड्याळाची चूक, खालच्या हवेचा उशीर, हे सगळे दोन्ही सिग्नलना सारखेच असते, त्यामुळे वजाबाकीत उडून जाते. उरतात ते इलेक्ट्रॉन. (रिसीव्हरच्या आतल्या भागांतही दोन सिग्नलना किंचित कमी-जास्त वेळ लागतो. तो आधी मोजून वजा करावा लागतो, नाहीतर आकाशाऐवजी स्वतःच्या डब्याचेच मोजमाप व्हायचे.)

नाविकची आणखी एक सोय आहे. जीपीएसचे उपग्रह आकाशात सरकत राहतात, पण नाविकच्या रचनेत तीन जागा विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर, जमिनीवरून पाहता स्थिर आहेत. त्यातली एक ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. तंजावर ७९ अंशांच्या जरा पुढे असल्यामुळे तिथून ती जागा जवळजवळ डोक्यावर येते. म्हणजे एकाच वाटेवरचे इलेक्ट्रॉन सकाळपासून रात्रीपर्यंत मोजत बसता येते.

मग तंजावरवरच एवढे काय विशेष? त्यासाठी चुंबकीय विषुववृत्त समजून घ्यावे लागते. चुंबकसूची मधोमध टांगली तर आपल्याकडे महाराष्ट्रात तिचे उत्तरेकडचे टोक खाली कलते. दक्षिणेकडे जावे तसा हा कल कमी होतो आणि एका रेषेवर सूची अगदी आडवी राहते. ती रेषा चुंबकीय विषुववृत्त. भारतात ती तंजावरच्या थोडे दक्षिणेला, तिरुनेलवेली आणि तिरुवनंतपुरमच्या जवळून जाते. तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबाची निवड याच कारणासाठी झाली होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून उडालेले पहिले रॉकेट वरच्या हवेच्या अभ्यासासाठीच होते. त्याने सोडियमच्या वाफेचा ढग सोडला आणि तो कसा सरकतो हे जमिनीवरून पाहिले गेले. तिरुनेलवेलीजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्रही आहे. ही संस्था आपल्या पनवेलची, आणि अलिबागची प्रसिद्ध चुंबकीय वेधशाळा तिचीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे काम अलिबागला हलवले गेले, ती गोष्ट अनेकांनी वाचली असेल.

या रेषेजवळ दिवसा एक कारंजे उडते. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा इथे जमिनीला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. दिवसा आयनांबरात पूर्वेकडे विद्युत क्षेत्र असते. दोहोंच्या संयुक्त परिणामाने इलेक्ट्रॉन आणि आयन वर उचलले जातात. कित्येक शे किलोमीटर वर गेल्यावर ते चुंबकीय रेषांवरून, घसरगुंडीवरून घसरावे तसे, उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात. उत्तरेकडची रास साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडते. त्यामुळे गंमत अशी होते की सूर्य तंजावरवर जास्त उभा तापत असूनही दुपारी इलेक्ट्रॉनांची गर्दी बऱ्याचदा भोपाळवर जास्त असते. ॲपल्टन यांनी १९४६ मध्ये ही विसंगती जगापुढे मांडली, आणि चुंबकीय रेषांवरून घसरण्याची कल्पना त्याच सुमारास कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी सुचवली होती.

सूर्य मावळला की खरी धांदल उडते. खालच्या थरातले इलेक्ट्रॉन आयनांना पटकन पुन्हा मिळतात आणि तो थर रिकामा होतो. वरचा थर मात्र भरलेला असतो, उलट थोडा वर उचलला जातो. जड थर वर आणि हलका खाली, म्हणजे पाण्याच्या थराखाली तेल अडकावे तसे. ते टिकत नाही. खालच्या रिकाम्या भागाचे मोठमोठे बुडबुडे फुटून वर चढतात. त्यांच्या कडा खडबडीत असतात आणि त्यांतून जाणारा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. हे बहुतेक सायंकाळी सात-साडेसातनंतर सुरू होते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास ते जास्त होते, आणि सूर्यावर डाग वाढलेले असतात त्या वर्षांत तर फारच. सूर्याचे सध्याचे चक्र कमाल टप्प्यात पोचल्याचे २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच जाहीर झाले.

हे वाचल्यावर मला गच्चीवर जाण्यावाचून राहवेना. उपग्रहनिहाय सिग्नलची ताकद दाखवणारे ॲप फोनमध्ये मिळते. मी पाण्याच्या टाकीपासून दूर एक बादली उपडी ठेवली, तिच्यावर फोन ठेवला आणि साडेसात ते नऊ दर मिनिटाला आकडे वहीत उतरवले. (बाणांच्या फटाक्यांचा सिग्नलवर काही परिणाम होत नाही. माझ्यावर झाला, एक बाण गच्चीवरच पडला.) एका संध्याकाळी दक्षिणेकडच्या दोन उपग्रहांचे आकडे सुमारे वीस मिनिटे नुसते नाचत होते. एरवी ४० च्या आसपास असणारा आकडा ३० च्या खाली जाई आणि परत वर येई. या मापात १० ने घट म्हणजे ताकद दहाव्या हिश्श्यावर येणे. उत्तरेकडचे उपग्रह त्या वेळी शांत होते.

पण आकडा नाचला म्हणजे बुडबुडा सापडला असे होत नाही. शेजारच्या भिंतीवरून किंवा पत्र्यावरून परावर्तित झालेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला तरी आकडा असाच खालीवर होतो. हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे. जीपीएसचा उपग्रह रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे आधी आकाशात त्याच जागी येतो. भिंत कुठे जात नाही. तेव्हा परावर्तनाचा दोष असेल तर दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी तोच नाच जसाच्या तसा दिसायला हवा. दुसऱ्या दिवशी मी बादली त्याच खुणेवर ठेवली आणि चार मिनिटे आधीपासून आकडे घेतले. तेच दोन उपग्रह, त्याच जागी, अगदी स्थिर. भिंत निर्दोष सुटली. फोनचा अँटेना फार लहान असतो आणि एका संध्याकाळीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी ती दोन पाने मी जपून ठेवली आहेत.

गच्चीवर बादली घेऊन बसणाऱ्याला आकडा नाचला तर मजा वाटते. विमान उतरवणाऱ्याला वाटणार नाही. वैमानिकाला आपण कुठे आहोत एवढेच कळून पुरत नाही. मिळालेली जागा किती मीटरपर्यंत विश्वासाची आहे आणि विश्वास उडाला तर ते काही सेकंदांत कळेल का, हेही हवे असते. साधा जीपीएस रिसीव्हर आयनांबरासाठी उपग्रहाने पाठवलेल्या आठ आकड्यांचा एक ढोबळ नमुना वापरतो. त्याने साधारण निम्मी चूक जाते, निम्मी राहते. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ‘गगन’ उभारले. देशभरच्या ठरलेल्या जागांवरचे रिसीव्हर आयनांबराचा उशीर सतत मोजतात, त्यावरून पाच-पाच अंशांच्या चौकटींच्या कोपऱ्यांवर किती दुरुस्ती करायची ते काढले जाते आणि भूस्थिर उपग्रहांवरून विमानांना कळवले जाते. युरोप-अमेरिकेत अशा सेवा आधीच होत्या, पण त्यांचे आकाश शांत. आपल्याकडे एका चौकटीत कारंजे, पुढच्या चौकटीत रास, आणि रात्री बुडबुडे. त्यामुळे परदेशी नमुना जसाच्या तसा चालला नाही, भारतीय शास्त्रज्ञांना अनेक थरांचा वेगळा नमुना करावा लागला. २०१५ च्या एप्रिलमध्ये गगनला विमान खाली उतरवताना उंचीचेही मार्गदर्शन करण्याचे प्रमाणपत्र मिळाले. चुंबकीय विषुववृत्ताच्या प्रदेशात असे जगात प्रथमच घडले. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगडला एक प्रवासी विमान गगनच्या आधारे उतरले. जमिनीवर महागडी उतरण-यंत्रणा नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता खालची हवा. आमच्या घराजवळ एक तंजावरी मराठी आजोबा राहतात. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या तमिळनाडूत गेल्या आहेत. त्यांची मराठी ऐकायला वेगळीच लागते, शब्द जुने आणि हेल तमिळ. त्यांची थोडी भातशेती आहे. गच्चीवरचा माझा उद्योग त्यांनी दोन दिवस पाहिला आणि विचारले, तुझे हे यंत्र उद्या पाऊस येईल का ते सांगते का? तिथला मोठा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही; ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. त्यांचा सांबा भात तेव्हा शेतात उभा असतो.

मी त्यांना सांगितले ते इथे थोडे विस्ताराने लिहितो. तपांबरात सुटे इलेक्ट्रॉन नसतात, तरी हवेच्या रेणूंमुळे सिग्नल मंदावतो. समुद्रसपाटीजवळ, उपग्रह अगदी डोक्यावर असेल तेव्हा, कोरड्या हवेमुळे अंतर सुमारे २.३ मीटर जास्त भरते. इथे दोन वारंवारतांची युक्ती चालत नाही, कारण तपांबर दोघींना सारखेच अडवते. पण हा २.३ मीटरचा भाग जमिनीवरच्या हवेच्या दाबावरून फार अचूक काढता येतो. चांगला वायुदाबमापक ठेवायचा आणि तेवढे वजा करायचे. मग जे उरते ते पाण्याच्या वाफेचे. साधारण साडेसहा सेंटिमीटर उशीर म्हणजे १ सेंटिमीटर पाणी. समजा, तंजावरच्या खांबावरच्या रिसीव्हरला वाफेमुळे ३६ सेंटिमीटरचा उशीर आढळला, तर डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून काढल्यास जमिनीवर सुमारे साडेपाच सेंटिमीटर पाणी साचेल. कारैकालसारख्या केंद्रातून हवामानाचे फुगे सोडून हेच मोजतात, पण फुगे दिवसातून ठरावीक वेळीच सुटतात. रिसीव्हर दर काही मिनिटांनी आकडा देतो, ढग असोत की नसोत. वाफ भराभर वाढू लागली की पावसाची सामग्री जमते आहे एवढे कळते.

आजोबांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, सामग्री जमली म्हणून स्वयंपाक होतोच असे नाही. हे त्यांनी माझ्यापेक्षा चांगले सांगितले. वाफ वर उचलणारा वारा लागतो, आणि तो या आकड्यात दिसत नाही.

शिवाय त्यांचा पाऊस समुद्रावरून येतो आणि समुद्रात खांब उभारता येत नाहीत. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ वेदारण्यमच्या किनाऱ्यावर आले. पट्टुकोट्टईच्या बाजूला माडांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या; माड पुन्हा फळाला यायला वर्षे लागतात. असे वादळ दोन-चार दिवस आधी बंगालच्या उपसागरावर असते तेव्हा तिथली हवा कशी मोजायची? इथे लॅम्ब्टनचा वाकलेला किरण उपयोगी पडतो.

कमी उंचीवरून फिरणाऱ्या एखाद्या उपग्रहावर जीपीएसचा रिसीव्हर बसवायचा. त्याच्या दृष्टीने जीपीएसचे उपग्रह पृथ्वीच्या कडेआड मावळतात आणि उगवतात. मावळताना सिग्नल वातावरणाच्या थरांतून तिरपा येतो आणि वाकतो. जमिनीजवळच्या थरात हा वाक सुमारे एक अंशाचा असतो. एक-दोन मिनिटांत सिग्नल वरपासून खालपर्यंत सगळे थर चिरत जातो, आणि कुठल्या उंचीवर किती वाकला त्यावरून त्या त्या उंचीचे तापमान, दाब आणि खाली बाष्पही काढता येते. खाली समुद्र आहे की वाळवंट, ढग आहेत की नाहीत, याने काही अडत नाही. ही युक्ती आधी दुसऱ्या ग्रहावर वापरली गेली. १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर-४ हे यान मंगळाच्या आड जाताना त्याचा रेडिओ सिग्नल मंगळाच्या हवेतून आला, आणि तिथला दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे हे कळले. पृथ्वीसाठी जीपीएस वापरून पहिला प्रयोग १९९५ मध्ये झाला. २००६ मध्ये तैवान आणि अमेरिकेने सहा उपग्रहांचा ताफाच सोडला आणि तेव्हापासून हवामानाच्या मोठ्या केंद्रांनी ही मोजमापे रोजच्या अंदाजात घ्यायला सुरुवात केली. आपल्या ओशनसॅट-२ (२००९) आणि मेघा-ट्रॉपिक्स (२०११) या उपग्रहांवरही असे इटालियन उपकरण होते.

आजोबांच्या एका शेतावर उद्या पाऊस पडेल का, हे यातले काहीच एकटे सांगत नाही. पण उपसागरावरची हवा अंदाजाच्या गणितात जितकी बरोबर भरली जाते, तितका वादळाचा मार्ग बरोबर निघण्याची शक्यता वाढते, आणि माड नाही तरी माणसे आणि जनावरे आधी हलवता येतात.

हा प्रयोग आपल्या शाळेतही करता येईल. मार्च महिना बुडबुड्यांचा हंगाम आहे आणि त्या सुमारास आपण सगळे शाळेतच असतो. तंजावरला आईने फोन गच्चीवर ठेवून आकडे लिहायचे कबूल केले आहे; फक्त परीक्षेच्या आठवड्यात मला त्याबद्दल काही विचारायचे नाही अशी तिची अट आहे. आपल्याकडे मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर सायन्स क्लबचा एक फोन साडेसात ते नऊ मैदानाच्या मध्यावर ठेवायचा. भिंती आणि झाडे लांब, म्हणून मैदान. लाकडी स्टूल घ्यावे, लोखंडी नको. फोन रोज त्याच खुणेवर आणि त्याच दिशेला तोंड करून ठेवावा. वहीत उपग्रहाचा क्रमांक, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि सिग्नलचा आकडा, असे चार रकाने आखावेत. ३० अंशांहून खालचे उपग्रह सोडून द्यावेत. एखाद्या दिवशी आकडे नाचले तर दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी सुरुवात करायची आणि तिसऱ्या दिवशी आठ. नाव नोंदवायचे असेल त्यांनी रात्रीच्या अभ्यासापूर्वी मला भेटावे. सध्या तिघेजण आहोत, आणि एका संध्याकाळी आकडे सांगायला एक व लिहायला एक असे दोन तरी लागतात.